सहा चाळीस

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास गुंजनला पाण्याखाली एक हात दिसला आणि तिचं बोट की-बोर्डवर तसंच टेकून राहिलं. हात दुसऱ्याच कुणाच्या तरी बगलेत दाबून धरलेला होता. वरच्या खिडकीत, म्हणजे पाण्यावरच्या कॅमेऱ्यात, तीच गोष्ट तिने आत्ताच पाहिली होती आणि नोंदवलीही होती. पांढऱ्या टोपीतला नऊ नंबर गोलकडे पाठ करून तरंगत होता. त्याच्या मागे निळ्या टोपीतला चार नंबर चिकटलेला, चारचा एक हात नऊच्या अंगाभोवती. नऊ ओरडला, मान मागे टाकून पाण्यात गेला, शिट्टी वाजली आणि चारला काही सेकंदांसाठी खेळाबाहेर काढलं. 'संपर्क कोणी सुरू केला' या रकान्यात गुंजनने 'बचाव' लिहिलं, जसं ती ऑक्टोबरपासून लिहीत आली होती. मग केवळ उत्सुकता म्हणून तिने खालची खिडकी उघडली. तिथे निळसर, बुडबुड्यांनी भरलेल्या उजेडात नऊने चारचं मनगट आपल्या बगलेत घट्ट धरून ठेवलं होतं आणि पाय मारून तो स्वतःच स्वतःला खाली नेत होता. चार हात सोडवायची धडपड करत होता. तिने क्लिप मागे घेतली, वेग पाव केला, पुन्हा पाहिली. पाण्याच्या वर बुडवणारा चार होता आणि खाली बुडणारा नऊ स्वतःच बुडत होता. दोन्ही कॅमेरे खरे होते. लिहिलेली नोंद तेवढी खरी नव्हती.

युरोपातल्या क्लबांच्या वॉटर पोलो स्पर्धेचा हा शेवटचा टप्पा होता. तिकडे शुक्रवारी संध्याकाळी उपांत्य सामने झाले होते, शनिवारी अंतिम होणार होता. इकडे नागपुरात, आयटी पार्कजवळच्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, प्रत्येक सामन्याचं रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी सकाळी उघडायचं आणि त्यातला प्रत्येक पास, प्रत्येक फटका, प्रत्येक शिट्टी सेकंदासह नोंदवायची हे गुंजनचं काम होतं. निकाल आधी पाहायचा नाही असा नियम होता. तो पाळणं सोपं होतं, कारण नागपुरात हा निकाल चुकूनही कुणाच्या तोंडून कानावर पडण्याची शक्यता नव्हती. ऑफिसमध्ये अठरा माणसं होती आणि त्यांतल्या एकालाच पोहता येत होतं, तो रजत, आणि तो टेबल टेनिसच्या नोंदी करायचा. गुंजनला पाण्याची भीती नव्हती, सवयही नव्हती. तिला या खेळात माणसं दिसतच नसत. दिसत त्या टोप्या, त्यांवरचे आकडे, आणि उलटं पळणारं घड्याळ. आठ मिनिटांपासून शून्याकडे. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या मुलीला हे काम कमी वाटायला हवं होतं, असं तिच्या मामाने दोनदा बोलून दाखवलं होतं. तिला ते कमी वाटत नव्हतं. एखादी गोष्ट नेमकी कधी झाली हे ठरवण्यात तिला एक कोरडा, स्वच्छ आनंद मिळत असे.

कामाची पद्धत अशी होती की एकच सामना दोन माणसं वेगवेगळी नोंदवत. गुंजन आणि मोहित. मध्ये कमरेइतकं पार्टिशन, कानाला हेडफोन, सामन्याबद्दल एकमेकांशी बोलायचं नाही. नोंदी झाल्या की यंत्र दोघांच्या याद्या जुळवून पाही. जिथे दोघांचं वेगळं येई ती क्लिप तिसऱ्या माणसाकडे, म्हणजे दीप्ती मॅडमकडे जाई, आणि मॅडम पाहून निकाल देत. जिथे दोघांचं एक येई ती क्लिप पुन्हा कुणीही पाहत नसे. दोघांनी वेगवेगळं पाहून एकच सांगितलं म्हणजे ते तसंच असणार, या गृहीतावर सगळा मजला चालत होता. या मोसमात एकशे बारा सामने झाले होते आणि गुंजन-मोहित जोडीचा जुळणीच्या टक्क्यांचा आकडा ऑफिसात सगळ्यांत वर होता. पण 'संपर्क कोणी सुरू केला' हा रकाना सुरुवातीला त्यांचा जीव काढी. वरून काही कळतच नसे, सगळं पाण्याखाली. पर्याय चार होते: आक्रमक, बचाव, दोघे, दिसत नाही. 'दिसत नाही' जास्त वेळा लिहिलं की तिकडून तक्रारीचा मेल येई. शेवटी ऑक्टोबरमध्ये, खालच्या पोहेवाल्याकडे उभं राहून, पोह्यांवरची तर्री संपवता संपवता गुंजनच म्हणाली होती, "शंका आली का मागच्याचं लिवू. मागचा म्हणजे बचाव. संपलं." मोहितने बोटं चाटली आणि म्हणाला, "मागच्याचं. डन." एवढंच. त्या दिवसापासून आकडा सत्त्याण्णवच्या खाली आला नाही, आणि आपण काही ठरवलं होतं हे दोघंही हळूहळू विसरून गेले. डोळ्यांना मागचाच दोषी दिसू लागला.

पाण्याखालचा कॅमेरा त्यांना या शेवटच्या दोन दिवसांपुरताच मिळाला होता. मेलमध्ये लिहिलं होतं, 'गरज वाटल्यास पाहावा.' दुपारपर्यंत गुंजनने तो अकरा वेळा पाहिला. अकरापैकी सात वेळा सुरुवात पुढच्याने केली होती. तिने मात्र अकराच्या अकरा ठिकाणी 'बचाव'च ठेवलं. का ठेवलं ते तिला नीट सांगता आलं नसतं. बोट तिकडे जात होतं, एवढं तिने पाहिलं.

"काहून वं, आज लय हळू चालून राहिली तू?" जेवताना मोहितने विचारलं. त्याच्या डब्यात पातोडीची भाजी होती आणि त्याने न विचारता अर्धी तिच्या झाकणात काढली. तो कळमेश्वरचा. आधी तिथल्याच एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात तपासणीच्या पाळ्या करायचा, आणि त्या वासाने त्याला वर्षभर खोकला होता.

"तू खालचा कॅमेरा उघडला का?"

"दोन खिडक्या उघडल्या का माझा डबडा हँग होते. काहून? काय आहे त्याच्यात? जलपरी?"

"पाहून घे एकदा."

"हे पाह्य गुंजन," तो पोळीचा घास तसाच हातात धरून म्हणाला, "मॅडमनं काय सांगतलं? सोमवारी पुढच्या मोसमाची यादी जाते. दोघांचं बी नाव आहे. फक्त ह्या दोन दिवसांत आकडा पंच्याण्णवच्या खाली नाई पाह्यजे. आता तू मले जलपऱ्या दाखवू नको. डिसेंबरमध्ये लग्न आहे माझं. पोरगी बेस्याची, पार्टी चांगली आहे. पोरीच्या बापानं इथं येऊन एसी पाह्यला, खुर्ची फिरवून पाह्यली, तवा हो म्हनलं त्यानं."

"खुर्ची फिरवून?"

"हाव मंग! म्हने, हे चांगलं आहे, पाठीले आराम आहे. आता मी परत रंग ढवळाले गेलो का तो पोरगी देते मले?"

ती हसली. मोहितच्या बोलण्यात सगळ्या गोष्टी हलक्या होऊन येत. त्यांचं वजन तिला नंतर, गाडीवर बसल्यावर, जाणवायचं. नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस, सुरू होता. दुपारी चार वाजता निघाली तरी गाडीची सीट चटका देत होती. चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळून, फक्त डोळे उघडे ठेवून, ती सक्करदऱ्याच्या दिशेने निघाली आणि सिग्नलला सावलीत थांबलेल्या, तशाच गुंडाळलेल्या दहा-बारा बिनचेहऱ्याच्या मुलींत मिसळून गेली. तिला वाटलं, आपल्यालाही आकडे असते तर बरं झालं असतं. मग वाटलं, मोहितचं नाव यादीत राहावं हे एक मोजता येण्यासारखं चांगलं काम आहे. आणि चार नंबरच्या मनगटाशी आपला संबंध काय? चारला बाहेर काढलं ते रेफ्रीने. शिट्टी परत घेता येत नाही. पण त्या नोंदी कुठेतरी जातात, कुणीतरी मोसमाच्या शेवटी आकडे काढतं, या माणसाने इतक्या वेळा पकडून बुडवलं असं एक वाक्य त्या आकड्यांतून तयार होतं, आणि ते वाक्य आपण एका पोह्याच्या प्लेटवर लिहिलं. हे तिला त्रासदायक वाटलं, पण त्याहून जास्त ते ओळखीचं वाटलं. ही गोष्ट आपण आधी कधीतरी केलेली आहे, अगदी याच रीतीने, असं काहीतरी. कॉलेजात मैत्रीण रितिका आणि ती एकाच बेंचवर टायट्रेशन करायच्या तेव्हा दोन वाचनं जुळली की तिसरं न करताच लिहून टाकत, आणि बाई त्याखाली लाल बरोबरची खूण करत. पण ते सगळेच करत. हे ते नव्हतं. हे काय आहे ते तिला माहीत होतं आणि ती सिग्नलचे उरलेले सेकंद मोजत राहिली.

घरी शेजारच्या रंभाबाई बसल्या होत्या, त्यांच्यासोबत त्यांची नागभीडहून आलेली नणंद. आई त्यांना सांगत होती. आईचं सांगणं गुंजनला शब्दन् शब्द पाठ होतं. "सव्वानऊले पडले खुर्चीवरून अन् पावणेअकराले लकव्याची सुई लागली. डॉक्टर म्हने, साडेचार घंट्यांच्या आत आणा लागते, तुमी तं दीड घंट्यात आणलं. या पोरीनं आटो आणला, धरलं, नेलं. वेळेवर आणलं म्हणून माणूस घरात आहे आज." नणंदेने गुंजनकडे पाहून मान हलवली. "चांगली पोरगी आहे," ती म्हणाली. गुंजन स्कार्फ सोडत होती. सोडायला तिने जरा जास्तच वेळ घेतला. बाबा, गोपाळराव, कूलरसमोरच्या पलंगावर बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवलेला. म्हणजे कुणीतरी ठेवलेला. सगळ्यांच्या बोलण्यात त्यांचं लक्ष होतं की नव्हतं हे सांगता येत नव्हतं. दोन वर्षांपासून ते सांगता येत नव्हतं.

बाबा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात ऑपरेटर होते. एकतीस वर्षं त्यांनी दर तासाला टाकीची पातळी पाहून रजिस्टरमध्ये लिहिली. लहानपणी एकदा त्यांनी गुंजनला तिथे नेलं होतं. भिंतीला लावलेल्या काचेच्या उभ्या नळीसमोर त्यांनी तिला उचलून धरलं, थोडं वर, थोडं खाली, तिचा डोळा पाण्याच्या रेषेत येईपर्यंत. "आता सांग." तिने सांगितलं. "वरून पाह्यलं का जास्त दिसते, खालून पाह्यलं का कमी. डोया पाण्यासमोर पाह्यजे. अन् पाहूनच लिवाचं. अंदाजानं लिवलं का रजिस्टर वेगळं अन् टाकी वेगळी." पुढे बी.एस्सी.च्या पहिल्याच प्रॅक्टिकलला सरांनी तेच सांगितलं तेव्हा तिला वाटलं होतं, हे मला माहीत आहे, मला एकदा उचलून दाखवलेलं आहे. आता बाबांची जागा कूलरसमोर होती. कूलरच्या टाकीतलं पाणी खाली गेलं की पंपाचा आवाज बदलायच्या आधीच त्यांना कळे आणि ते डाव्या हाताने पत्र्यावर दोनदा वाजवत. बोलणं गेलं होतं. 'हो', 'नाही', 'थांब' एवढे शब्द सुटे येत, आणि एक शिवी, जी आजारापूर्वी त्यांच्या तोंडी कुणी ऐकली नव्हती. आकडा थेट येत नसे. पण एकपासून सुरू केलं तर ओळीने येई. पोळ्या किती, असं आईने विचारलं की ते सुरू करत, "एक, दोन, तीन," आणि तीनवर थांबले की तीन वाढायच्या. बोलण्याचा सराव घेणारी मुलगी म्हणाली होती की ओळ मेंदूत वेगळ्या जागी असते, ती वाचली आहे.

दोन वर्षांपूर्वी, त्या दिवशी सकाळी ती उठली तेव्हा बाबा अंगणात कूलर भरत होते. पाणी काठावरून वाहून चाललं होतं आणि ते नुसते पाहत उभे होते. पाइप उजव्या हातातून निसटून पायाशी पडलेला. बाबा आणि वाहतं पाणी! तिने नळ बंद केला. "बाबा, भरलं न," ती म्हणाली. ते वळले आणि हसले. हसू तोंडाच्या एकाच बाजूला आलं. त्यांनी काहीतरी म्हटलं, ते ओल्या कापडासारखं लोंबलं. तिला वाटलं, झोप. तिला वाटलं, आठ वाजता ऑनलाइन परीक्षा आहे, याच नोकरीची, त्याआधी एकदा सराव करायचा आहे. आत येताना तिने स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे पाहिलं. सहा चाळीस. तिने आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. आई पूजेत, मग भाजीत. बाबा खुर्चीवर पेपर धरून बसले. ते रोजच बसत, न बोलता, दोन-दोन तास. सव्वानऊला आईची किंकाळी आली तेव्हा गुंजनचा शेवटचा प्रश्न सोडवून झाला होता. दोन चित्रफितींतला फरक ओळखायची ती परीक्षा होती. तिला पन्नासपैकी पन्नास मिळाले. बाबांना उचलताना तिने पाहिलं, पेपरचं पहिलंच पान वर होतं.

दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, "शेवटचं अगदी चांगलं कधी पाहिलंत यांना?" आई म्हणाली, "सव्वानऊपर्यंत एकदम चांगले होते, पेपर वाचून राहिले होते." डॉक्टरने पेन तसंच धरून गुंजनकडे पाहिलं. "तुम्ही?" ती म्हणाली, "हो. सव्वानऊ." त्याने लिहिलं. दोघींनी वेगवेगळं पाहून एकच सांगितलं होतं. पुन्हा कुणीही विचारलं नाही. नंतर तिने वाचलं की मेंदूचा रक्तपुरवठा अडला की दर मिनिटाला सुमारे एकोणीस लाख पेशी मरतात, आणि तिने गुणाकार केला, कारण गुणाकार न करणं तिला जमण्यासारखं नव्हतं. सहा चाळीस ते सव्वानऊ, एकशे पंचावन्न मिनिटं. एकोणतीस कोटी पंचेचाळीस लाख. त्यांतल्या कोणत्या पेशींत उजवा हात होता आणि कोणत्यांत वाक्यं, हे सांगता येत नव्हतं. तेव्हाच नेलं असतं तर काय झालं असतं हेही सांगता येत नव्हतं. तुलना करायला दुसरे गोपाळराव नव्हते. इतकं सगळं सांगता न येण्यासारखं असल्यामुळे तिने काहीच सांगितलं नाही, आणि 'वेळेवर आणलं' हे वाक्य घरात राहायला आलं. ते पाहुण्यांना चहासोबत दिलं जाई. तिची भीती रागाची नव्हती. आईने रागावलं असतं तर ते एक दिवस चाललं असतं. भीती ही होती की आईकडे बाबांच्या आजारातलं एवढं एकच चांगलं वाक्य होतं.

रविवारी सकाळी ऑफिसात तिघंच होते. अंतिम सामना उघडायच्या आधी गुंजन पार्टिशनवरून वाकली. हे नियमात बसत नव्हतं, पण पोहेही बसत नव्हते. "मोहित, मी आज खालची खिडकी पाहून लिवणार आहे. जे दिसंन ते."

मोहितने हेडफोन एका कानावरून सरकवला. "पागल झाली का?"

"तू बी पाहून लिव. स्वतः पाह्य."

"अन् तुझं-माझं नाई जुळलं त?"

"दोघांनी नीट पाह्यलं तर जुळंन."

"भैताड आहे तू," तो हळूच म्हणाला आणि हेडफोन परत लावला.

ती पाहत राहिली. वर सगळे हात हवेत होते. या खेळात पकडणारा आधी दोन्ही हात वर करतो, रेफ्रीला दाखवायला, माझे हात इथे आहेत, मी काही केलं नाही. खाली गुडघे, टाचा, कापडाला धरलेली बोटं. कधी मागचा खरोखरच बुडवत होता, कधी पुढचा, एकदा दोघंही. खालच्या निळ्या उजेडात आवाज नव्हता आणि डोकीही नव्हती, पाण्याच्या पृष्ठभागाला लटकलेली धडं फक्त, सतत पाय मारणारी. वर आरामात तरंगलेला दिसणारा माणूस खाली क्षणभरही थांबत नव्हता. हे तिला वर्षभरात एकदाही सुचलं नव्हतं, की तरंगणं हे काम आहे. चौदा वेळा तो रकाना आला. पाच वेळा तिने 'बचाव' लिहिलं. आठ वेळा 'आक्रमक'. एकदा 'दोघे'. प्रत्येक वेळी बोट आधी जुन्या कळीकडे गेलं आणि तिने ते उचलून आणलं. शेवटी शिट्टी झाली, पांढऱ्या टोप्यांनी आपल्या प्रशिक्षकाला बुटांसकट पाण्यात ढकललं आणि सगळे एकमेकांवर पडले. तिने फाइल जमा केली. मोहितची आधीच झाली होती. यंत्राने अर्ध्या मिनिटात आकडा दाखवला. त्या रकान्यात छत्तीस टक्के.

मोहित उठून उभा राहिला. त्याने चौदाच्या चौदा ठिकाणी 'बचाव' लिहिलं होतं.

"उघडली नाई न तू खिडकी?" तिने विचारलं.

"उघडली होती." त्याचा आवाज नेहमीसारखा हलका नव्हता. "पाह्यलं मी. पुढचाच पकडते, दिसलं मले. पण मले वाटलं तू ऐन टायमावर मागच्याचंच लिवशीन. म्हणून मी बी तेच लिवलं. तुझ्यासाठी लिवलं बे."

"असं काहून वाटलं तुले?"

"काल काय लिवलं होतं तू? अकराच्या अकरा. तूच म्हनलं होतं, पाहून घे एकदा. अन् लिवलं काय? मॅचिंग शंभर आलं काल. मी पाह्यलं न."

दीप्ती मॅडमनी दोघांना आत बोलावलं आणि न जुळलेल्या नऊ क्लिपा त्यांच्यासमोरच दोन्ही खिडक्यांत पाहिल्या. त्या हळूहळू पाहत होत्या, खुर्ची पुढे ओढून. "नऊच्या नऊ गुंजनच्या बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. आणि मग, "मग आधीच्या एकशे बारा सामन्यांचं काय?"

"तिथे खालचा कॅमेरा नव्हता," गुंजन म्हणाली. "तिथे 'दिसत नाही' लिहायला हवं होतं. पंधराशेच्या आसपास नोंदी असतील. आणि कालच्या सात. काल मला दिसलं होतं."

"दोघांनीही तेच लिहिलं?"

"ठरवून लिहिलं. ऑक्टोबरमध्ये. मी सुचवलं होतं."

मोहित खिडकीबाहेर, उन्हाने पांढऱ्या झालेल्या रस्त्याकडे पाहत होता. "मी बी डन म्हनलं होतं, मॅडम," तो म्हणाला.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "यादीत मी आज कुणाचंच नाव टाकत नाही. तिकडे कळवते. काय म्हणतील ते म्हणतील." खाली गाडीजवळ आल्यावर मोहितने हेल्मेट घातलं, मग काढलं. "पोरीच्या बापाले काय सांगू, ते बी तूच सांग आता," तो म्हणाला. ते थट्टेसारखं म्हणायचा त्याचा प्रयत्न अर्धा जमला. तिने म्हटलं, येते मी, सांगते. तो म्हणाला, येशीन खरंच, तुझा भरोसा नाई आता.

घरी पोचली तेव्हा आई पोळ्या करत होती. स्वयंपाकघरातून तव्याचा वास येत होता. बाबा पलंगावर, समोर कूलर. त्यांनी डाव्या हाताने पत्र्यावर दोनदा वाजवलं. गुंजनने स्कार्फ न सोडता पाइप लावला, नळ सुरू केला आणि टाकीत पाणी चढताना पाहत त्यांच्याशेजारी बसली. वाट पाहण्यात अर्थ नव्हता. सकाळी एकदा उचलून आणलेलं बोट अजून उचललेलंच होतं.

"बाबा," ती म्हणाली, "त्या दिवशी मी तुमाले सकाळीच पाह्यलं होतं. इथंच. पाणी वाहून राह्यलं होतं. तुमचं तोंड वाकडं झालं होतं अन् मले दिसलं होतं. मी नळ बंद केला अन् आत गेली. सहा चाळीस झाले होते. दवाखान्यात मी सव्वानऊ सांगतलं."

ते तिच्याकडे पाहत राहिले. पाणी चढत होतं. मग त्यांचे ओठ हलले.

"एक," ते म्हणाले. "दोन. तीन."

तिला वाटलं, पोळ्या. आईच्या तव्याचा आवाज ऐकून. तिला वाटलं, त्यांना काही कळलंच नाही, आणि क्षणभर तिला जे वाटलं ते सुटल्यासारखं होतं. "चार. पाच. सहा." सहावर ते थांबतील असं तिला वाटलं. ते थांबले नाहीत. सात, आठ, नऊ. प्रत्येक आकड्याला जीभ लागत होती, पायरी चढल्यासारखी. अकराला ते अडखळले, पुन्हा दहावर आले, पुन्हा चढले. नजर तिच्यावरच होती. अठरा, एकोणीस. कपाळावर घाम आला. टाकी भरत आली होती आणि ती उठली नाही. सत्तावीस. अठ्ठावीस. एकोणतीसला त्यांनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. तीस. आतून आई म्हणाली, "काहून वं, इतकं काय मोजून राहिले ते?" एकतीस, बत्तीस. पाणी काठावरून सांडू लागलं. तेहतीस. चौतीस.

"पस्तीस," ते म्हणाले, आणि थांबले.

"चाळीस, बाबा. मी घड्याळ पाह्यलं होतं."

"नाही," ते म्हणाले. मनगट सोडून त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट केलं. भिंतीवर आईचं घड्याळ होतं, जे ती लग्न होऊन आली तेव्हापासून पाच मिनिटं पुढे ठेवत आली होती आणि जे पाहून बाबा रोज मनातल्या मनात पाच वजा करत. उपकरणात मुळातच चूक असेल तर ती आधी वजा करायची, हे गुंजनने प्रॅक्टिकलच्या वहीत किती वेळा लिहिलं होतं. पाच मिनिटं. आणखी पंच्याण्णव लाख. त्यांना वेळ माहीत होती. दोन वर्षं, प्रत्येक पाहुण्यासमोर, चहासोबत.

आई पिठाचे हात घेऊन दारात आली. "पाणी वाहून चाललं न! अन् कायचं पस्तीस?"

गुंजनने नळ बंद केला. मग पलंगावर सरकून आईसाठी जागा केली.

"सहा पस्तीस, आई," ती म्हणाली. "बस इथं."